ओयांग श्युनचं काइशू निर्जीव म्हणे!

टाकबोरू: ‘मुक्तहस्त’ यांनी काल लिहिलं की तांग काळातल्या चिनी सुलेखनकार ओयांग श्युनचा चिउछंग महालातल्या गोड झऱ्याचा शिलालेख म्हणजे छापखान्याचे खिळे, त्यात माणूस सापडत नाही; काइशू, म्हणजे सुट्या नेटक्या अक्षरांची चिनी शैली, बघायची तर नंतरच्या यान चनछिंगची. वाचून राहवलं नाही. इ.स. 632 मध्ये हे लिहिलं तेव्हा ओयांग 75च्या घरात होता. 24 ओळी, ओळीला 50 घरं, आणि हात कुठे ढळलेला नाही. पण माझा मुद्दा शिस्तीचा नाहीच. पहिलंच अक्षर घ्या, ‘चिउ’, नऊ. शेवटच्या फटकाऱ्याला बहुतेक जण टोकदार आकडी मारून मोकळे होतात. हा तो उजवीकडे लांब ओढतो आणि अलगद वर उचलतो, जुन्या लीशू शैलीत उचलत तसा. अक्षराचा मध्य घट्ट आवळलेला, एकच पाय बाहेर टाकलेला. खिळ्यांना हे जमतं?

मुक्तहस्त: तो ‘अलगद’ फटकारा ओयांगचा कशावरून? चीनच्या शाआन्शी प्रांतात लिनयोउला ती शिळा आहे. शतकानुशतकं कागदावर ठसे घेऊन घेऊन झिजली, मग लोकांनी अक्षरं पुन्हा कोरली. तुम्ही कोरक्याचं कौतुक करताय. त्यापेक्षा यानने पुतण्याच्या मृत्यूवर 758 साली लिहिलेला मसुदा बघा. खाडाखोड आहे, शाई संपत आलेली दिसते. माणूस म्हणतात तो हा.

टाकबोरू: तो मसुदा शिंगशूत, म्हणजे धावत्या हातात आहे! काइशूच्या वादात तो आणायचं कारण काय? तुलना करायचीच तर यानच्या घराण्याच्या देवळाची 780ची शिळा आणा, मग बोलू. आणि सुंग काळातला, म्हणजे शिळा एवढी झिजण्याआधीचा ठसा बीजिंगच्या पॅलेस म्युझियममध्ये आहे. नंतर झिजलेली कितीतरी अक्षरं त्यात धड दिसतात.

चौथीअ: माझा राग ओयांगवर नाही, कित्त्यावर आहे. आम्ही शांघायला असताना मुलीला क्लासला घातलं. पहिले कित्येक महिने नुसती आडवी रेघ, मग ओयांगचीच अक्षरं, मापात. बाई कागद फाडून पुन्हा लिहायला लावायच्या. पोरगी चित्रं काढायची, तेही बंद झालं. ज्या कलाकृतीपायी मुलं ब्रश टाकून देतात तिला थोर म्हणायचं?

जुनीवही: कागद फाडणाऱ्या बाईंचं खापर चौदाशे वर्षांपूर्वीच्या माणसावर? आमच्या आजोबांनी मोडी कित्ता गिरवूनच शिकली. म्हातारपणी पत्र लिहायचे तर कुठलंही अक्षर कित्त्यासारखं नसायचं, पण एकही घसरलेलं नसायचं. तुमच्या मुलीला बाई वाईट भेटल्या, एवढंच.

चौथीअ: ‘एवढंच’ म्हणणं सोपं आहे. तिने परत ब्रश हातात घेतलेला नाही. आजोबांच्या आठवणींनी तिचा प्रश्न सुटत नाही.

मुक्तहस्त: बरोबर बोललात. पिढ्यान्‌पिढ्या हाच कित्ता पुढे केला, म्हणून तो आदर्श वाटतो. सवयीला सौंदर्य म्हणताय सगळे.

टाकबोरू: कित्ता, कित्ता! मजकूर कोणी वाचलाय का? तांग सम्राट थाइचुंग उन्हाळ्यात त्या महालात राहिला, तिथे झरा सापडला, म्हणून हा लेख. महाल मुळात आधीच्या सुई राजवटीचा, डोंगर फोडून उभारलेला. अक्षर ओयांगचं, पण मजकूर रचला मंत्री वेई चंगने, तोही सम्राटाच्याच हुकमावरून. स्तुती करता करता तो शेवटी बजावतो, उंचावर असताना पडण्याचा विचार ठेव, भरलेलं असताना सांडेल याची काळजी घे. राजाला तोंडावर हे सुनावायचं तर असाच हात हवा: आवाज चढू न देणारा आणि तसूभर न हटणारा. यानची जाड, भारदस्त अक्षरं इथे शब्दांवर स्वार झाली असती.

जुनीवही: हे पटलं. आधीच सांगायचं की.

मुक्तहस्त: बरं, या मजकुराला तो हात शोभतो, इतकं देतो. त्यावरून तो यानच्या वर जात नाही. आणि शिकणाऱ्याच्या हाती पहिला कित्ता म्हणून ओयांग देण्याला माझा विरोध कायम आहे. ‘चौथीअ’, मुलीला यानची अक्षरं दाखवून बघा. ब्रश नको, नुसती दाखवा.