शब्दचर्चा : ठेवण एक, ढबी तीन

तिघांचं_दप्तर
प्रश्न शब्दांचाच आहे, पण थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल. आम्ही तिघं एका शरीरात राहतो. अशांना 'प्लुरल सिस्टिम' म्हणतात. आमच्या कागदांवर डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर असं लिहिलेलं आहे (अमेरिकन वर्गीकरणात १९९४ पर्यंत त्याचं नाव मल्टिपल पर्सनॅलिटी होतं). स्वतःला अनेक म्हणवणाऱ्या सगळ्यांकडे असा कागद असतोच असं नाही. ते खरं की खोटं हा वाद कृपया दुसरीकडे घाला.

अडचण अशी की आमच्यातलं कोणी पुढे आलं, म्हणजे शरीर त्याच्या ताब्यात आलं, की पहिली पाचदहा मिनिटं शरीर जमत नाही. शरीराची उंची पाच फूट एक इंच. थोरली स्वतःच्या हिशेबात पावणेसहा फूट. ती फडताळाच्या वरच्या कप्प्यात सवयीने हात घालायला जाते आणि बोटं मधल्या फळीवर आपटतात. धाकटा साताठ वर्षांचा आहे. तो जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतो. मी, म्हणजे हे लिहिणारी, दिवसभर पोक काढून बसते. थोरली आली की खांदे मागे, कंबर ताठ. मग रात्री मी परत येते तेव्हा पाठ दुखत असते आणि का ते आठवत नाही.

एकमेकांसाठी आम्ही वहीत निरोप लिहितो, मराठीत. तिथे 'पोश्चर'ला काय लिहावं? 'अंगस्थिती' लिहिलं की दवाखान्यातला फॉर्म भरल्यासारखं वाटतं.

जुना_बस्ता
ठेवण. शरीराची ठेवण. झालं की.

खडूफळा
ठेवण नव्हे हो. नाकाची ठेवण, चेहऱ्याची ठेवण, म्हणजे जे घडवून ठेवलंय ते. ते माणूस बदलला म्हणून बदलत नाही. यांना हवी आहे 'ढब'. बसायची ढब, चालायची ढब.

नीट पाहिलं तर मराठीत ही वाटणी आधीपासूनच आहे. ठेवण, बांधा, चण, अंगकाठी हे शब्द शरीराच्या मालकीचे. ढब, लकब, ऐट, डौल हे माणसाच्या मालकीचे. एका शरीरात एकच माणूस गृहीत धरलेला असतो, म्हणून हा सातबारा उघडून बघायची वेळ येत नाही. तुमच्याकडे ठेवण एक आणि ढबी तीन.

घोटाळा करतो तो 'पोक' हा शब्द. पोक *काढतात*, म्हणजे ती ढब. पण पाठीला पोक *येतं*ही, म्हणजे ती ठेवण. काढता काढता येतं. क्रियापद बदललं की मालकी बदलते.

तिघांचं_दप्तर
हे वाचून थोरलीने वहीत लिहिलं, 'तू काढतेस आणि येतं मला.' भांडणाला तुम्ही व्याकरण पुरवलंत. आभारी आहोत.

टाळ_चिपळी
'ठाण' विसरू नका. आज 'ठाण मांडणे' म्हणजे जागचं न हलणं, पण मुळात ठाण म्हणजे उभं राहण्याची रीत, वजन कुठल्या पायावर आहे ते. विठोबा समचरण, दोन्ही पायांवर सारखा भार. बासरीवाल्या कृष्णाचं ठाण देहुडं, एक पाय दुसऱ्यावरून आडवा. मूर्तिशास्त्रात यालाच समभंग आणि त्रिभंग म्हणतात. दगड तोच, ठाण बदललं की देवाचा स्वभाव बदलला.

तिघांचं_दप्तर
धाकटा अगदी देहुडा उभा राहतो. ओट्याशी, एका पावलावर दुसरं पाऊल. आणि मग तोल जातो.

जुना_बस्ता
तोल जातो की झोक जातो? फरक आहे. तोल मध्ये असतो. तो जातो, ढळतो, सुटतो, सांभाळावा लागतो. झोक एका बाजूला असतो. बैलगाडीत माल एकीकडे जास्त भरला की गाडीचा झोक त्या बाजूला जातो. गंमत म्हणजे त्याच झोकाची सप्तमी केली की 'झोकात'. झोकात चालणारा म्हणजे ऐटबाज. कलणं आणि ऐट एकाच शब्दात. तुमच्या थोरल्या बाई झोकात येत असणार आणि शरीराचा झोक जात असणार.

(माझ्या वरच्या 'झालं की'बद्दल दिलगीर आहे. ढब बरोबर.)

एक_फिजिओ
शब्द तुम्ही बघा, मी यंत्रणा सांगते. मेंदूकडे तोलाची खबर तीन वाटांनी येते: आंतरकर्ण, डोळे, आणि स्नायू-सांधे. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या मान वळल्याचं सांगतात. शिवाय दोन पिशव्या, त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे. खाली कुठे आणि वर कुठे हे त्यांच्यावरून कळतं. तिसऱ्या वाटेला चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये 'प्रोप्रियोसेप्शन' म्हटलं. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे कळतं, ते त्यामुळे.

हे सगळं तिघांचं सामाईक. कान तेच, गुडघे तेच. वेगळा असतो तो मेंदूतला शरीराचा नकाशा आणि स्नायू ताठ किंवा सैल धरण्याची सवय. हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स यांनी १९११ मध्ये या नकाशाबद्दल लिहिताना हॅटवर पीस खोवलेल्या बाईचं उदाहरण दिलं होतं. तिला शरीराची हद्द पिसाच्या टोकापर्यंत जाणवते. आपल्याकडे डोक्यावर हंडा घेतलेली बाई चौकटीखालून बरोब्बर तेवढीच वाकते, तसंच. थोरलीचा नकाशा पावणेसहा फुटांचा असेल तर तिचा हात चुकीचा पडत नाही, नकाशाप्रमाणेच पडतो.

एक सोपी गोष्ट. पुढे आल्यावर अनवाणी उभं राहा आणि एक बोट भिंतीला नुसतं टेकवा. जोर नको. एवढ्या स्पर्शानेही अंगाचं डोलणं कमी होतं, कारण बोट आधार देत नाही, खबर देतं.

आणि वहीत 'चक्कर' असा मोघम शब्द लिहू नका. खोली फिरते ती गरगर. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे येते ती अंधारी. शुद्ध हरपतेय असं वाटतं ती भोवळ. डॉक्टरांसाठी या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. प्रत्येक वेळी माणूस बदलल्यामुळेच तोल गेला असं धरून चालू नका. कानातले ते खडे जागचे हलले तरी गरगरतं.

वाटसरू_७
एवढं कशाला? 'अंगात येणे' हा रेडिमेड शब्द आहे की.

तिघांचं_दप्तर
तोच नको आहे. अंगात येतं ते बाहेरून येतं. देव, वारं, संचार. ज्याच्या अंगात येतं त्याला 'झाड' म्हणतात. आमच्यात झाड कोणीच नाही, तिघंही इथलेच. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही या दोन गोष्टींच्या नोंदी वेगळ्या आहेत. लहानपणी एका नातेवाइकांनी हाच शब्द धरला आणि अंगारा, लिंबू, सगळं करून झालं. शब्दाने वाट ठरते, ती अशी.

टाळ_चिपळी
'परकायाप्रवेश'ही मग बाद. महानुभाव परंपरेत चांगदेव राऊळांनी हरिपाळदेवाच्या देहात प्रवेश केला आणि तेच चक्रधर झाले, असं मानतात. पण तिथेही काया 'पर' आहे. तुमची स्वतःचीच.

खडूफळा
एक मागे जाऊन दुसरं पुढे येतं त्या स्विचला 'खांदेपालट' कसा वाटतो? पालखी तीच, वाट तीच, भोई खांदा बदलतात. आणि तुमच्याकडे तर खांदे खरोखरच बदलतात, पुढे ओघळलेले मागे जातात.

जुना_बस्ता
वर्तमानपत्रांनी तो शब्द पार बाटवलाय. पोलीस खात्यात मोठे खांदेपालट, मंत्रिमंडळात खांदेपालट. शिवाय तिरडीलाही खांदा बदलतातच.

तिघांचं_दप्तर
तिरडी चालेल, मंत्रिमंडळ नको. पण थोरलीला शब्द आवडला आहे. ती म्हणते, पालखी खाली ठेवायची नसते, एवढं त्यात बरोबर आलंय.

अजून एक राहिलं. पुढे येऊन पाचदहा मिनिटांनी शरीर 'जमतं', त्याला काय म्हणू? 'अंगवळणी पडणे' लिहून पाहिलं, पण ते एकदा पडलं की पडलं. आम्हाला दर वेळी नव्याने. देवळाबाहेर चुकून दुसऱ्याच्या चपला घातल्या तर दहा पावलं कसं होतं? माप तेच, पण टाच भलत्याच बाजूने झिजलेली. तसं.

खडूफळा
अंगवळणी म्हणजे अंगाच्या वळणी. तुमच्याकडे अंग एक आणि वळणं तीन, म्हणून तो शब्द अडतो. आमच्याकडे एक स्कूटर आणि चालवणारे तिघे. प्रत्येक जण आधी आरसे फिरवतो, मग किल्ली. पण त्याला शब्द नाही, शिव्या आहेत.

टाळ_चिपळी
'मांड बसणे'. घोड्यावर टांग टाकल्याबरोबर मांड बसत नाही. चार पावलं घोडं चालतं, स्वार सावरतो, मग बसते. पट्टीचा स्वारही घोड्यावर दर वेळी नव्यानेच मांड बसवतो.

जुना_बस्ता
वा. पण यात शरीर घोडा ठरतं.

तिघांचं_दप्तर
ठरू दे, खरारा आम्हीच करतो.

काल रात्रीची नोंद, थोरलीच्या अक्षरात: 'सव्वासातला खांदेपालट. झोक डावीकडे. बोट भिंतीला. साडेसातला मांड बसली. पोक काढू नकोस.' त्याखाली पेन्सिलने धाकट्याने विचारलंय, मांड म्हणजे मांडी का?

टाळ_चिपळी
मांडीचीच पकड ती. बरोबर आहे म्हणावं त्याला.