मदत हवी आहे: बी.व्ही.एस्सी.नंतर पैदासशास्त्र घ्यावं का?

नमस्कार. मी सोलापूरची, मूळ गाव सांगोल्याकडे. पशुवैद्यकीच्या इंटर्नशिपचे तीन महिने उरलेत. पुढे एम.व्ही.एस्सी.ला पशुआनुवंशिकी व पैदासशास्त्र घ्यायचं मनात आहे. अण्णांचं एकच पालुपद: एमपीएससी दे, पशुधन विकास अधिकारी हो. मामांना तर हे रेतनाचंच शिक्षण वाटतं. "त्याला अजून दोन वर्षं कशाला?"

हे खूळ शिरलं आमच्याच गोठ्यात. घरी चार पंढरपुरी म्हशी. गावात रेडा निवडतात तो शिंगं बघून; तलवारीसारखी खांद्यामागं गेली की पसंत. त्याच्या आईनं वेताला किती दूध दिलं, कुणाच्या वहीत नाही. रेडा स्वतः तर दूध देत नाही, त्याची पारख लेकींच्या दुधावरून. रेडी दहा महिने पोटात, पुढं तिचं पहिलं वेत यायला साडेतीन-चार वर्षं, मग वेतभर मोजणी. तोवर रेडा म्हातारा! जीनोमिक निवडीत वासराच्या डीएनएवरूनच अंदाज बांधतात म्हणे, पण त्यालाही आधी हजारो जनावरांच्या नोंदी लागतातच.

शिवाय फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गारोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक, फेकबी, आपल्या दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' केली, ते वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही.

आता अडचण. गणित दहावीनंतर सुटलं आणि या विषयात निम्मं संख्याशास्त्रच दिसतंय. 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिकायला घेतलीय, रडतखडत. निभेल का? आणि कर्नालची राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था (एनडीआरआय) किंवा इज्जतनगरची पशुवैद्यक संशोधन संस्था यांसाठी झटावं की आपल्याच माफसूत, म्हणजे राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठात, राहावं? पुढं एआरएस (कृषी संशोधन सेवा) किंवा बायफसारखी पशुपालनात काम करणारी संस्था सोडून वाट आहे का? या विषयातल्या कुणी खरं सांगा, धीर देऊ नका.

प्रतिसाद १
ताई, मीही बायोलॉजीवालाच. पहिलं सत्र जड गेलं, मग आकड्यांमागं जनावर दिसायला लागलं. कर्नालचा फायदा असा की एनडीआरआयचा स्वतःचा कळप आहे आणि जातींची नोंदणी करणारा राष्ट्रीय ब्युरोही त्याच गावात. खासगीत सीमेन स्टेशन (वळू-रेड्यांचं वीर्य गोठवून पुरवणारी केंद्रं) आणि कुक्कुट पैदास कंपन्या आहेत. कोंबडीत पिढी लवकर बदलते, काम भरपूर. एमपीएससीचा फॉर्म भरा की, अण्णाही गप्प बसतील. आणि उद्यापासून त्या चार म्हशींचं दूध सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. पंधरा दिवसांत कंटाळा आला तर हा विषय घेऊ नका.