‘पूलचा’ विश्वविजेता की ‘पुलाचा’?

पूर्णाकाठ
आमच्या गावच्या वाचनालयाबाहेर फळा आहे. रोज सकाळी त्यावर चार-पाच बातम्या लिहायचं काम माझ्याकडे आहे. अमरावतीला शिकणारा पुतण्या सुटीत आला की रात्री मोबाइलवर पूलचे, म्हणजे टेबलावर काठीने चेंडू मारून भोकात पाडायच्या खेळाचे, सामने लावतो, त्याच्यामुळे मलाही खेळ कळायला लागला. परवा त्याने २०२४ च्या जागतिक नाइन-बॉल स्पर्धेची अंतिम लढत दाखवली. जेद्दाह शहरात झालेली. अमेरिकेकडून खेळणारा फेडोर गोर्स्ट आणि अल्बानियाचा एक्लेंट काची. आधी पंधरा डाव घेईल तो जिंकला. चौदा-चौदा झाले, आणि शेवटच्या डावावर गोर्स्टने १५-१४ असा सामना नेला. सामना जुना, पण मला राहवलं नाही. फळ्यावर मथळा दिला : ‘पुलाची अटीतटीची लढत’.

दुपारपर्यंत चार जणांनी विचारलं, कोणत्या पुलाची? आमच्याकडे नदीवरच्या पुलाचा विषय जिव्हाळ्याचा आहे. पावसाळ्यात पाणी चढलं की दवाखाना पलीकडे राहतो. लोकांना वाटलं, पुलाच्या कामावरून काही वाद झाला. म्हणून जाणकारांना विचारतो : खेळाच्या अर्थाने लिहिताना ‘पूलचा’ लिहावं की ‘पुलाचा’? आणि या खेळातल्या बाकी शब्दांसाठी आपल्या तोंडात बसलेलं काही आहे का?

निवृत्त मास्तर, अंजनगाव
नियमाने पाहिलं तर उपान्त्य दीर्घ ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. मूल-मुलाला, फूल-फुलाचा, पूल-पुलावर. पण हा नियम शब्द आपल्यात मुरल्यावर लागतो. ‘स्कूलचा गणवेश’ म्हणतो आपण, ‘स्कुलाचा’ कोणी म्हणत नाही. उलट ‘स्टूल’ बघा. तोही इंग्रजीच, पण घरोघरी ‘स्टुलावर चढू नको’ असंच ऐकू येतं. टेबलावर, बोर्डावर, बसथांब्यावरच्या बाकावर... परका कोण आणि घरचा कोण हे विभक्तीवरून कळतं.

नदीवरचा पूल तरी मूळचा आपला कुठे आहे? तो फारसीतून आला. इतक्या पिढ्या ‘पुलाखालून’ पाणी वाहिलं तेव्हा तो मराठी झाला. माझं मत, खेळासाठी सध्या ‘पूलचा’, ‘पूलमध्ये’ असंच लिहा. सामान्यरूप केलं नाही की वाचणाऱ्याला आपोआप कळतं की हा दुसरा पूल आहे.

पूर्णाकाठ
मास्तर, पटलं. नियमाकडे मी घोटाळा टाळायचं साधन म्हणून कधी पाहिलं नव्हतं.

आता या शब्दाच्या मुळाबद्दल. इंग्रजीतही हे दोन वेगळे शब्द आहेत, लिहायला एकच. पोहण्याचा पूल त्यांच्या जुन्या भाषेतला, पाण्याच्या डबक्याचा. खेळाचा पूल फ्रेंचमधून आला. तिकडे त्या शब्दाचा अर्थ कोंबडी, आणि खेळात सगळ्यांनी मिळून लावलेली रक्कमही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायच्या जागांना ‘पूलरूम’ म्हणत. दोन शर्यतींच्या मधे वेळ जावा म्हणून तिथे बिलियर्ड्सची टेबलं असत, आणि जागेचं नाव टेबलावरच्या खेळाला चिकटलं.

हे वाचलं तेव्हा मला आपला ‘डाव’ आठवला. पैसा लावणं म्हणजे डाव लावणं, आणि खेळाची एक फेरी म्हणजेही डावच. पैजेपासून खेळापर्यंतची वाट दोन्ही भाषा चालल्या आहेत. म्हणून ‘रॅक’ला, म्हणजे चेंडू मांडून खेळायच्या एका फेरीला, ‘डाव’ लिहिताना मला तो जोडून बसवलेला शब्द वाटत नाही.

कॅरमवाला, दर्यापूर
भाऊ, आमच्या चौकात रोज रात्री कॅरम रंगते, मी तिथलंच सांगतो. आपण गोटी ‘घेतो’. राणी घेतली, राणीले कव्हर दिलं, दोन गोट्या एकाच झटक्यात घेतल्या. तुम्ही फळ्यावर ‘चेंडू खळग्यात ढकलला’ असं लिहिलं अशीन तं कोणाले खेळ दिसन? ‘नऊ घेतला’ लिहा ना. स्ट्रायकर भोकात गेला तं आपण म्हणतो ‘स्ट्रायकर गेला’. तसंच काठीनं मारायचा पांढरा चेंडू भोकात गेला तं ‘पांढरा गेला’ लिहा. कोणाले समजावून सांगाचं काम नाही.

फक्त एक सांगा. राणी घेतली तरी मागून आपली गोटी घ्याच लागते. तुमच्या नऊले कव्हर लागते का?

पूर्णाकाठ
नाही लागत, दादा. टेबलावर जो सगळ्यात लहान आकडा असेल त्याला पांढरा आधी लागला पाहिजे, एवढीच अट. एकला लावून एकने नऊ घेतला, तरी डाव तिथेच जिंकला. गोट्या शंकरपाळीसारख्या आकारात मांडतात, एक टोकावर आणि नऊ मधोमध. ‘घेतला’ मी आजपासून वापरणार. मी नामं शोधत बसलो होतो. तुम्ही क्रियापद दिलं, आणि खेळ क्रियापदातच असतो.

झाडीपट्टीतली
काका, मी मूळची साकोलीकडची, नागपूरला नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी पूल खेळते. सगळ्यात अडतं ते ‘सेफ्टी’पाशी. बातम्यांत त्याला ‘बचावात्मक फटका’ लिहितात, ते वाचून मला वाईट वाटतं. गोटी घेता येत नसेल तेव्हा खेळाडू पांढरा असा नेऊन ठेवतो की समोरच्याला लागणारी गोटी दुसऱ्या गोटीमागे लपते. त्यात बचाव कुठे आहे? समोरचा चुकला की पांढरा आपल्या हातात येतो, टेबलावर कुठेही ठेवा. लागोपाठ तीन फाऊल झाले तर त्याचा तो डावच जातो. मोठ्या स्पर्धांत कितीतरी डाव अशा एका फटक्यावर फिरतात.

आम्ही मैत्रिणी त्याला ‘आड केला’ म्हणतो. ‘पांढरा आड केला.’ शेतात माणूस धुऱ्याआड जातो, चंद्र ढगाआड जातो, तसा.

निवृत्त मास्तर, अंजनगाव
‘आड’ चांगला आहे. पण एक शंका. आड म्हणजे विहीरही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

झाडीपट्टीतली
गुरुजी, ‘आड करणे’ म्हटल्यावर विहीर कोणाच्या मनात येत नाही. क्रियापद बरोबर असलं की अर्थ सुटा होतो. हवं तर ‘कोंडी केली’ म्हणा, पण कोंडीत सगळ्या बाजू बंद लागतात. इथे एक वाट उघडी असतेच, कडेला आपटून फिरवून मारायची. ती काढणारा खेळाडू पाहायलाच आम्ही रात्र जागतो. फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस त्यासाठीच जगभर ओळखले जातात. १९९९ साली कार्डिफला ते जागतिक विजेते झाले.

पूर्णाकाठ
बेटा, ‘आड’ घेतला. इंग्रजीत याच अर्थाने ‘स्नूकर’ क्रियापदासारखं वापरतात, आणि तो शब्द आपल्या शेजारी, जबलपूरला, १८७५ साली खेळात शिरला. इंग्रज फौजेच्या मेसमध्ये स्नूकर हा टेबलावरचा खेळ जुळला. लष्करी शाळेतल्या नवख्या पोराला तेव्हा ‘स्नूकर’ म्हणत. सोपी गोटी हुकलेल्या सोबत्याला नेव्हिल चेंबरलेन नावाच्या अधिकाऱ्याने तसं म्हटलं आणि खेळाचं नावच ते झालं. जबलपूरहून नागपूर किती जवळ, तरी आपल्या बोलीत त्याचा मागमूस नाही. खेळ मेसच्या भिंतीआत राहिला, शब्दही तिथेच राहिला. कॅरम चौकात आला, म्हणून त्याचे शब्द आपले झाले.

आणि कॅरमचं तर गोत्रच विलक्षण आहे. बिलियर्ड्समध्ये एका चेंडूने दोन चेंडूंना स्पर्श करण्याला फ्रेंचमध्ये ‘काराम्बोल’ म्हणतात, ‘कॅरम’ त्याच घराण्यातला. काही कोशकार मानतात की त्यातल्या लाल चेंडूचं नाव ‘कारांबोला’ या फळावरून पडलं. हे फळ म्हणजे आपलं करंबळ, बाजारात कमरख म्हणून मिळतं ते. पोर्तुगिजांनी ते नाव मराठीतूनच उचललं असं कोश सांगतात. दर्यापूरच्या चौकात रोज रात्री जो शब्द वाजतो, तो कदाचित आपल्याच परसातून जग फिरून आला असेल. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

एक शब्द राहिला. काठी टेकवायला डाव्या हाताची बोटं जशी ठेवतात त्याला इंग्रजीत ‘ब्रिज’ म्हणतात, म्हणजे परत पूलच! तिथे मी ‘टेकू’ लिहितो. बैल सोडल्यावर गाडी आडवी राहावी म्हणून जुवाखाली लावतो तोच.

कॅरमवाला, दर्यापूर
टेकू एक नंबर. आन् चौदा-चौदाले काय म्हणसान?

पूर्णाकाठ
इंग्रजीत एकच डाव उरला की खेळाडू ‘टेकडीवर’ आला म्हणतात. आमचा मुलूख सपाट आहे, मी ‘वेशीवर’ लिहिलं. आज सकाळचा फळा असा : ‘पूल : जागतिक नाइन-बॉल, २०२४. चौदा-चौदा. दोघंही वेशीवर. शेवटचा डाव गोर्स्टचा.’

काल पुलाचं विचारणारे काकाजी आज थांबले, वाचलं, आणि म्हणाले, “नऊ गोट्यांत ती नववी ओळखाची कशी?” सांगितलं, पट्टा असलेली तेवढी एकच असते. संध्याकाळी ते पुतण्याच्या मोबाइलसमोर बसले होते.