मुलगी इंजिनिअरिंगला जाते तेव्हा: तुमचे अनुभव

लीला पूनावाला १९६७ साली पुण्याच्या सीओईपीतून मेकॅनिकल इंजिनिअर झाल्या. तरी 'मुलीला कॉम्प्युटरच बरं' हे वाक्य अजून घरोघरी ऐकू येतं. तुम्ही कसा मार्ग काढलात? पाणी, ऊर्जा, कचरा हे प्रश्न कॉलेजात खरोखर शिकायला मिळाले का? मोकळेपणाने लिहा.

मेकॅनिकल, १९९८ची बॅच, कोल्हापूर
वर्कशॉपला आम्ही दोघीच. सर म्हणाले, "तुम्ही जर्नल लिहा, जॉब मुलं करतील." जॉब म्हणजे हाताने घडवायचा लोखंडी तुकडा. मी कानस सोडली नाही. दोन तुकडे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरायचे, फट दिसली की पुन्हा घासायचं. तिसऱ्या दिवशी फट बुजली. हाताला फोड आले होते, पण त्याचं काहीच वाटलं नाही.

प्राध्यापिका, स्थापत्य
सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या आदेशामुळे पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. पण वेगळा पेपर म्हटला की मुलं आदल्या रात्री पाठ करतात आणि विसरतात. म्हणून मी तो काँक्रीटच्या प्रॅक्टिकलमध्येच आणला. एक टन सिमेंटमागे अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा मिक्स डिझाइनमध्ये, म्हणजे काँक्रीटमध्ये काय किती घालायचं ते ठरवताना, सिमेंट किती वाचलं तेही लिहायचं.

वर्गात परळीची एक मुलगी होती, एरवी गप्प. तिथल्या औष्णिक वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेचा विषय निघाला आणि ती बोलायला लागली. "मॅडम, वारं सुटलं की आई वाळत घातलेले कपडे परत धुवायला काढते." तिने ३० टक्के सिमेंटऐवजी राख घालून चाचणीचे काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरले. ७ दिवसांची ताकद कमी आली, रडवेली झाली. राख सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी सावकाश संयोग पावते, म्हणून तिला ५६ दिवस थांबायला सांगितलं. क्यूब पाण्यात ठेवतात त्या क्युरिंगच्या टाकीत रोज डोकावून जायची. छप्पन्नाव्या दिवशी तिचे क्यूब साध्या काँक्रीटच्या बरोबरीला आले!

एक वडील, लातूर जिल्हा
२०२४-२५पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना फी माफ झाली, म्हणून धाकटीचा फॉर्म भरला. खोली, मेस मात्र आपल्याच खिशातून. शेजारच्या मुलीचं तिथेच अडलं. आमचीला इलेक्ट्रिकल हवंय. आजी म्हणते, शॉक बसेल.

मेकॅनिकल, कोल्हापूर
दादा, एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) प्रगती शिष्यवृत्तीचा अर्ज धाकटीचा आणि शेजारच्या मुलीचाही भरा, वर्षाला ५०,००० रुपये मिळतात. आणि आजींना एकदा कॉलेजची लॅब दाखवून आणा. पायाखालची रबरी मॅट, जास्त करंट आला की खटकन पडून वीज तोडणारा एमसीबी, सगळं नातीलाच समजावून सांगू दे.