मदत हवी आहे: १९७८ च्या जॅझ यात्रेची (मुंबईतील जॅझ महोत्सवाची) स्पूल टेप अडकते आहे, एलपी काढण्याआधी ती कशी वाचवावी?

गावभागकर:
माझे दिवंगत काका मुंबईत ध्वनिव्यवस्थेचे काम करीत असत. सांगलीच्या घरी त्यांच्या माळ्यावरील ट्रंकेत एक स्पूल सापडले असून डब्यावर त्यांच्याच अक्षरात 'जॅझ यात्रा, रंगभवन, १९७८' एवढेच लिहिलेले आहे. टेप लावली की सुरुवातीला सॅक्सोफोन इतका जिवंत ऐकू येतो की अंगावर काटा येतो, आणि मग कर्कश चीत्कार सुरू होऊन टेप जागीच अडखळते. येथील दुरुस्तीवाले टेप टाकून द्यावी असे सांगतात. पुण्यातील एका संग्राहकांना याची एलपी (तबकडी) काढायची असून त्यांनी महिनाअखेरपर्यंत नमुना मागितला आहे. टेप सुरळीत चालण्यासाठी काय करावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

जुनी तबकडी:
सर्वप्रथम टेप वाजवणे थांबवावे. कंपनी कोणती, वेग कोणता, डेक (टेप वाजवणारे यंत्र) दोन ट्रॅकचा की चार ट्रॅकचा (म्हणजे टेपच्या रुंदीत ध्वनीच्या किती पट्ट्या), वाजवल्यानंतर हेडवर (टेपवरील ध्वनी वाचणाऱ्या भागावर) तपकिरी चिकट थर जमतो का, आणि टेपची मागची बाजू काळी व खरखरीत आहे की गुळगुळीत, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. उपाय त्यावरच ठरतो.

विश्रामबाग:
माझ्या वडिलांच्या भजनांच्या कॅसेटी अशाच अडकत होत्या. हेड आणि पिंच रोलर (टेप पुढे ओढणारे रबरी चाक) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर सर्व ठीक झाले. उगाच मोठ्या खर्चात पडू नये.

गावभागकर:
डब्यावर अँपेक्स ४०६ असे छापलेले आहे. स्पूल सात इंची असून वेग सेकंदाला साडेसात इंचांचा आहे. मागची बाजू काळी आहे आणि हेडवर थर जमतो. हेड पुसले की थोडा वेळ चालते, पुन्हा तेच होते.

जुनी तबकडी:
मग निदान जवळजवळ स्पष्ट आहे. त्या काळातील अँपेक्स ४०६ आणि ४५६ या टेपमध्ये चुंबकीय कण धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा लेप हवेतील ओलावा शोषून चिकट होतो. हेड कितीही पुसले तरी दोष टेपमध्येच राहतो आणि प्रत्येक वेळी थोडे संगीत हेडवर उतरते. यावर उपाय म्हणजे सुमारे ५४ अंश सेल्सिअस स्थिर तापमानात टेप काही तास शेकणे. त्यानंतर ती काही आठवडे वाजवण्याजोगी राहते आणि त्या अवधीत संगणकावर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ या डिजिटल दर्जात उतरवून घ्यावी लागते. मात्र हा उपाय १९५० च्या दशकातील अ‍ॅसिटेट टेपवर कदापि करू नये. ती उजेडासमोर धरली असता अर्धपारदर्शक दिसते आणि खराब होताना व्हिनेगरसारखा वास येतो.

तासगावकर:
आमच्याकडे फळे सुकवण्याचा विजेचा ड्रायर आहे आणि त्याचे तापमान अंशागणिक ठरवता येते. बेदाण्यासाठी आम्ही तो वापरतो. आपण टेप घेऊन या, एका दिवसात काम होईल.

जुनी तबकडी:
असे यंत्र चालते, परंतु दाखवलेले तापमान आणि आतील तापमान यांत फरक असतो. वेगळा थर्मामीटर ठेवून आधी एखादी निकामी टेप शेकून पाहावी. घरातील गॅस ओव्हन किंवा मायक्रोवेव्ह यांचा विचारही करू नये.

मिरजेची जवारी:
टेप संगणकावर उतरल्यानंतरचा धोका मला अधिक वाटतो. टेपची सरसर (पार्श्वभूमीचा सततचा आवाज) काढण्याच्या नादात सॉफ्टवेअर झांजेची चकाकी आणि श्रोत्यांची हालचाल पुसून टाकते. आमच्याकडे तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर तारेखालचा दोरा किंचित सरकवून जो झणकार उघडतात, तोच अशा सफाईत पहिल्यांदा बळी जातो. थेट कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणात सरसर राहू द्यावी, परंतु वाद्य जिवंत राहू द्यावे. डेकच्या हेडचा कोन त्या टेपप्रमाणे जुळवला तर अर्धी सफाई तेथेच होते.

विश्रामबाग:
सरसर ऐकण्यासाठी कोणी पैसे देत नाही.

मिरजेची जवारी:
संग्राहक नेमके त्यासाठीच देतात. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे शाळेत २७ ऑक्टोबर १९६८ रोजी झालेला जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक यांचा कार्यक्रम शाळेच्या सफाई कर्मचाऱ्याने ध्वनिमुद्रित केला होता. तो २०२० साली प्रकाशित झाला आणि जॅझप्रेमींनी तो डोक्यावर घेतला.

कृष्णाकाठ:
प्रकाशनाचा विषय निघाला म्हणून विचारतो, सॅक्सोफोन कोणाचा आहे? १९७८ च्या जॅझ यात्रेत अमेरिकी टेनर सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स वाजवून गेले होते. त्यांचा असेल तर परवानगीशिवाय एकही प्रत विकता येणार नाही. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ३८ नुसार कलाकाराचा हक्क कार्यक्रमानंतरच्या वर्षारंभापासून ५० वर्षे टिकतो.

जुनी तबकडी:
ते कलम १९९४ च्या दुरुस्तीने आले आहे. त्याआधीच्या कार्यक्रमाला ते कसे लागू होते, हे वकिलालाच विचारावे. आणि वाजवणारा कोण, हे वाजवण्याच्या शैलीवरून ठरवू नये. त्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका मिळवावी.

गावभागकर:
सॅक्सोफोन टेनर आहे, एवढे मला कळते. नाव डब्यावर नाही, आणि काकांची वही सापडली तर कळेल. परवानगीशिवाय विक्री करणार नाही, हे मी संग्राहकांनाही कळवतो. परंतु नमुना तरी हवा आहे. संपूर्ण टेप एका एलपीवर मावेल का?

जुनी तबकडी:
१२०० फुटांची टेप साडेसात इंच वेगाने एका दिशेने ३२ मिनिटे चालते. तबकडीच्या एका बाजूस वीसएक मिनिटे आवाजाचा जोर न घालवता मावतात, त्यामुळे १६-१६ मिनिटांच्या दोन बाजू उत्तम होतील. प्रश्न एवढाच की एकच दीर्घ वादन मध्येच तोडावे लागेल का. डेक चार ट्रॅकचा असेल आणि टेप दोन्ही दिशांनी भरलेली असेल, तर मात्र दोन एलपी लागतील. ट्रॅक किती, याचे उत्तर अजून आलेले नाही.

गावभागकर:
डेक चार ट्रॅकचा आहे. उलट बाजूस काय आहे ते अद्याप ऐकलेले नाही आणि आता शेकल्याशिवाय लावणारही नाही. तासगावकर, शनिवारी सकाळी एक निकामी टेप आणि थर्मामीटर घेऊन येतो. काकांचे स्पूल तूर्त घरीच राहील.