ट्रॅक-डेसाठी रोजची स्विफ्ट तयार करायची आहे, खर्च ४०,०००च्या आत

जुळेसोलापूरकर:
नमस्कार. माझी २०२१ची पेट्रोल स्विफ्ट मी रोज चिंचोळी एमआयडीसीत कामावर जाण्यासाठी वापरतो. येत्या जानेवारीत चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ट्रॅक-डेला, म्हणजे स्वतःची गाडी तेथे हौसेने चालवण्याच्या दिवशी, ती न्यावी, असा मानस आहे. इंजिनाला हात लावायचा नाही. प्रथम काय करावे?

होटगीरोड:
मी माझ्या पोलोला नवी अलॉय व्हील, मऊ रबराचे टायर आणि कमी उंचीच्या स्प्रिंग बसवल्या. सव्वा लाख रुपये लागले, पण वळणावर गाडी आता जराही झुकत नाही. एवढा खर्च झेपत नसेल, तर आणखी एक वर्ष पैसे साठवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सातरस्ता_७८:
टायर नंतर पाहा. कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर चौथ्याच फेरीत माझ्या ब्रेकचे पेडल तळाला टेकले आणि गाडी मातीत जाऊन थांबली, कारण मी तीन वर्षे ब्रेक ऑइल बदललेले नव्हते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट ४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पण ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांच्या आसपास उतरू शकतो; मग नळीत वाफ होते आणि पायाचा सारा जोर ती वाफ दाबण्यातच जातो. डॉट ५.१ भरावे, डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते, ते चुकूनही आणू नये. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड जास्त उष्णता सोसणारे घ्यावेत. शेवटची फेरी ब्रेक शक्यतो न दाबता सावकाश काढावी आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवावी.

अक्कलकोटनाका:
टायरमध्ये नायट्रोजन भरा. आपल्या सोलापूरच्या उन्हात मला त्याचा फार उपयोग झाला.

सातरस्ता_७८:
तापल्यावर नायट्रोजनही साध्या हवेइतकाच प्रसरण पावतो. फेऱ्या मारून आल्याबरोबर गरम टायरची हवा मोजावी आणि वाढलेली तेवढी काढावी. त्यासाठी स्वतःचा गेज हवा. परतीच्या प्रवासाआधी ती पुन्हा भरण्यास विसरू नये.

अक्कलकोटनाका:
माझा अनुभव माझ्यापाशी आहे.

पार्कचौक:
ब्रेक ऑइल अवश्य बदलावे. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत असावे, कारण लांब वळणात ते एका बाजूला सरते. चाकांचे नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोराने आवळण्याच्या पान्याने, आवळावेत आणि डिकीतील जॅक, स्टेपनी, पाने सर्व काढून ठेवावे. विम्याविषयी कोणीच लिहिले नाही, याचे मला वाईट वाटते. खासगी गाडीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी हे वापर वगळलेले असतात. तेथे गाडी कठड्यावर आदळली, तर नऊशे किलोमीटरांवरून ती परत आणण्याचा खर्चही तुमचाच.

होटगीरोड:
विम्याचा विचार करणाऱ्याने ट्रॅकवर जाऊच नये. टायरविषयीचे माझे मत कायम आहे.

जुळेसोलापूरकर:
सर्वांचे मनापासून आभार. माझ्या गाडीचे हप्ते अजून दीड वर्ष बाकी आहेत आणि सोमवारी कामावर मला तिच्यातूनच जायचे असते. पॉलिसी काढून वाचली. पार्कचौक यांनी लिहिलेली अट तिच्यात आहे. त्यामुळे स्विफ्ट न नेता, जेथे शिकण्यासाठी संस्थेचीच गाडी मिळते अशा रेसिंग प्रशिक्षणावर हे पैसे खर्च करण्याचे मी ठरवले आहे. ब्रेक ऑइल मात्र रविवारीच बदलून घेतले. गाडी घेतल्यापासूनचे ते जुने ऑइल काळ्या चहासारखे निघाले.