आधी हेडफोन, साउंड कार्ड नंतर

दहा हजारांत हेडफोन आणि साउंड कार्ड (कॉम्प्युटरच्या आत बसणारं, आवाज काढणारं कार्ड) दोन्ही बसवायचं आणि अर्धे पैसे कार्डावर घालायचे, असं तुम्ही म्हणताय. माझं ऐकाल तर तसं करू नका. आवाजात खरा फरक हेडफोनमुळेच पडतो. सात-आठ हजार तिकडेच लावा.

माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला हेडफोन लावला की माउस हलवताना बारीक किरकिर यायची. नुसता तानपुरा चालू असताना तर ती फारच टोचायची. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड यांचा विद्युत गोंगाट पुढच्या जॅकपर्यंत जाणाऱ्या वायरीत शिरतो, म्हणून हे होतं. आधी मागच्या जॅकला लावून बघा, पैसा लागत नाही. तरी किरकिर राहिली तर छोटा यूएसबी डॅक घ्या, म्हणजे यूएसबीला लावून डिजिटल आवाज हेडफोनसाठी अ‍ॅनालॉग करणारी डबी. तो कॅबिनेटच्या बाहेर असतो, शिवाय उद्या लॅपटॉपलाही चालतो.

हेडफोनचा इम्पीडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा विद्युत विरोध, मात्र नक्की बघा. बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० प्रो हा हेडफोन तुमच्या बजेटबाहेरचा आहे, पण उदाहरण चांगलं आहे: तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत आलाय. दिसायला जवळपास सारखे, पण २५० ओहमवाला साध्या जॅकवर दबका वाजतो, त्याला अ‍ॅम्प्लिफायर लागतो.

घरात टीव्ही चालू असतो म्हणालात, तर क्लोज्ड-बॅकच घ्या, म्हणजे कानावरच्या कपांची मागची बाजू बंद असलेला. मागून उघड्या असलेल्या ओपन-बॅकमध्ये गाणं जास्त मोकळं वाटतं हे खरं, पण बाहेरचं सगळं आत येतं. आणि चष्मा असेल तर दुकानात चष्म्यासकट दहा मिनिटं घालून बघा. काडीपाशी फट राहिली की बेस लगेच कमी होतो.